फुकट बातमीचे मोल

२०१९ च्या सप्टेंबर महिन्यात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आरंभी तर खातेदारास अवघे १,००० रुपये काढता येतील, असे जाहीर झाले. त्या बँकेच्या दारांशी उभ्या असलेल्या खातेदारांची दैना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्याच सुमारास, मी ज्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवितो तेथील एका सहकारी बँकेच्या दारावरील सूचनाफलकाचे छायाचित्र सकाळीच भ्रमणध्वनीवर फिरू लागले. ‘शनिवार व रविवार सर्व व्यवहार बंद राहतील’ एवढीच ओळ त्यात दिसत होती आणि खाली ‘पैसे आजच काढून घ्या’ असा मजकूर कोणीतरी जोडला होता. मी तो संदेश आमच्या कुटुंबाच्या गटात पुढे पाठविला. हेतू आप्तांच्या काळजीचा होता. परंतु हेतू चांगला असल्याने मजकूर खरा ठरत नाही. माझ्या आत्याबाई तीन तास रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनी मुदतठेव मोडली आणि व्याजावर पाणी सोडले. छायाचित्रात न आलेली फलकाची वरची ओळ एवढेच सांगत होती की, संगणकप्रणाली बदलण्याचे काम दोन दिवस चालणार आहे.

चांगल्या चाललेल्या बँकेवर केवळ अफवेने संकट कसे ओढवते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. बँक बुडणार असे पुरेशा लोकांस वाटले, की ते पैसे काढावयास धावतात आणि त्यांच्या धावण्यानेच बँक अडचणीत येते. ज्यास हे ठाऊक असावयास हवे, त्यानेच त्या रांगेत एक माणूस वाढविला. त्या दिवशी सायंकाळी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर मोटारसायकलीवरून बँकेत गेला, त्याने फलक पुरता वाचला, व्यवस्थापकांस चार प्रश्न विचारले आणि बारा ओळींची बातमी पाठविली. दुसऱ्या दिवशी ती छापून आली. दुपारपर्यंत रांग ओसरली. त्या बारा ओळींचे त्यास जे मानधन मिळाले, ते पेट्रोलच्या खर्चासही पुरणारे नव्हते, हे त्याने मला पुढे केव्हातरी सहज सांगितले. त्याची खरी मिळकत दिवाळी अंकासाठी व नेत्यांच्या वाढदिवसांसाठी मिळविलेल्या जाहिरातींच्या कमिशनवर होती. दोन वर्षांनी त्याने ते काम सोडले. त्याच्या जागी अद्याप कोणी आलेले नाही.

ब्लॉग आणि समाजमाध्यमे यांमुळे पत्रकारितेत काय पालट झाला, याची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते. मजकूर किती वेगाने जातो आणि किती कोटी लोकांपर्यंत पोचतो, हे सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र आधी जमाखर्च पाहण्याची सवय असते. बातमीस दोन खर्च असतात. खरे काय ते शोधून काढण्याचा एक आणि ते लोकांपर्यंत पोचविण्याचा दुसरा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दुसरा खर्च जवळजवळ शून्यावर आला. पहिला होता तेथेच आहे. बँकेत जाऊन व्यवस्थापकांस विचारावयास आजही एका माणसाची एक सायंकाळ लागते. पूर्वी हे दोन्ही खर्च एकाच पिशवीतून भागत असत. ती पिशवी फाटली आहे, आणि आजच्या पत्रकारितेपुढील बहुतेक प्रश्न त्यातून निर्माण झाले आहेत, असे माझे मत आहे.

भांडवलाचा उंबरठा

जे झाले त्यातील चांगले प्रथम सांगितले पाहिजे; कारण ते मोठे आहे. आपल्याकडे वृत्तपत्र काढणे ही कधीही केवळ लेखणीची गोष्ट नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून खिळे, कागद, छापखाना आणि वर्गणीदार यांची चिंता संपादकाच्या मागे लागली ती कायमचीच. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून लोकांपुढे आली, ती भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ हाताशी होते म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही ते पाक्षिक काही वर्षांतच आर्थिक ओढाताणीत बंद पडले. ज्यांना प्रस्थापित पत्रांत जागा नव्हती, त्यांना आपला आवाज उमटविण्यासाठी आधी भांडवलाचा उंबरठा ओलांडावा लागे. जे ओलांडू शकले नाहीत, त्यांची नावेही आज आपणांस ठाऊक नाहीत.

हा उंबरठा ब्लॉगने काढून टाकला. १९९७ च्या अखेरीस जॉर्न बार्गर या अमेरिकी गृहस्थांनी महाजालावरील आपल्या टिपणवहीस ‘वेबलॉग’ हे नाव दिले. पुढे त्याचा ‘ब्लॉग’ झाला. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न जाणणाऱ्यासही काही मिनिटांत स्वतःचे पान उघडता येऊ लागले. देवनागरीसाठी युनिकोडची सोय रुळल्यावर मराठीतही हे लोण आले. त्यापूर्वी एका संगणकावर टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर चौकोन आणि ठिपके होऊन उमटत असे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण शिक्षक, परदेशी नोकरीस गेलेले अभियंते, गृहिणी, निवृत्त कारकून अशा कितीतरी जणांनी मराठीत लिहावयास प्रारंभ केला. त्यांतील बरेचसे लेखन कोणत्याही संपादकाने छापले नसते. ते सारेच छापण्याजोगे नव्हते. परंतु त्यातील कोणते छापण्याजोगे होते याचा निर्णय पूर्वी मोजकी माणसे करीत असत, हेही खरेच.

ब्लॉग ही नुसती हौस नव्हती, याचा दाखला अमेरिकेने २००२ च्या डिसेंबरात दिला. सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील नेते ट्रेंट लॉट यांनी, थर्मंड यांची १९४८ ची अध्यक्षीय मोहीम यशस्वी झाली असती तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार काढले. ती मोहीम वंशभेदाच्या समर्थनावर उभी होती. समारंभास वार्ताहर होते, तरी मोठ्या पत्रांनी त्या उद्गारांची फारशी दखल घेतली नाही. जॉश मार्शल यांच्यासारख्या ब्लॉगलेखकांनी मात्र विषय सोडला नाही. त्यांनी लॉट यांची जुनी वक्तव्ये उकरून काढली. मोठ्या पत्रांस मग मागाहून यावे लागले आणि पंधरवड्याच्या आत, २० डिसेंबर रोजी, लॉट यांना नेतेपद सोडावे लागले. याच मार्शल यांनी २००७ मध्ये संघराज्याच्या सरकारी वकिलांच्या बडतर्फीचे प्रकरण धसास लावले. सरकारने हजारो कागद एकदम प्रसिद्ध केले, तेव्हा ते वाचून काढण्याचे काम त्यांनी आपल्या वाचकांत वाटून दिले. श्रमविभागाचे इतके सुंदर उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. या कामगिरीबद्दल त्यांच्या संकेतस्थळास पत्रकारितेतील प्रतिष्ठेचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला.

साक्षीदारांचेही तसेच आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटरवर प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी क्षणाक्षणाची हकीगत लिहिली. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरले, त्याचे पहिले गाजलेले छायाचित्र मदतीस निघालेल्या होडीतील एका प्रवाशाचे होते. जेथे घटना घडते तेथे वार्ताहर नसतो. नागरिक असतो आणि आता त्याच्या हाती कॅमेराही असतो. पत्रकारितेस हा लाभ कायमचा झाला आहे. तथापि साक्ष आणि तपास या भिन्न गोष्टी आहेत. विमान नदीत उतरलेले दिसते. जिल्हा परिषदेच्या निविदेत काय शिजले ते कोणास रस्त्यावरून जाताना दिसत नाही.

घरमालक आणि भाडेकरू

ब्लॉग आणि समाजमाध्यमे यांचा उल्लेख आपण एका दमात करतो. आर्थिकदृष्ट्या त्यांचे स्वरूप वेगळे आहे. ब्लॉगलेखक एका अर्थी आपल्या घरात राहत होता. त्याचा स्वतःचा पत्ता होता. वाचक त्या पत्त्यावर येत असे. अनेक ब्लॉगांवरील नवे लेख एकत्र वाचण्यासाठी गुगल रीडरसारखी साधने होती आणि त्यांत कोणाचे लेख यावेत हे वाचक ठरवीत असे. १ जुलै २०१३ रोजी गुगलने ती सेवा बंद केली. तोवर वाचकाने आपले बिऱ्हाड फेसबुक, ट्विटर, यूट्यूब आणि पुढे व्हॉट्सॲप यांच्या चाळीत हलविले होते. लेखकही त्याच्या मागोमाग गेला. या चाळीत खोलीस भाडे नाही, हे तिचे मोठे आकर्षण. परंतु कोणाच्या खोलीपुढे वर्दळ होऊ द्यावयाची आणि कोणाची खोली जिन्याखाली टाकावयाची, हे मालक ठरवितो आणि त्याचा नियम तो भाडेकरूस सांगत नाही.

वृत्तपत्रांनीही तेच केले. वाचक तेथे आहेत म्हणून त्यांनी आपल्या बातम्या तेथे नेऊन ठेवल्या, तेथे चालतील अशा मथळ्यांची सवय लावून घेतली, कोठे कोठे तर लेखी मजकूर सोडून चित्रफितींसाठी माणसे नेमली. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केले की, यापुढे आप्तेष्टांच्या मजकुरास प्राधान्य मिळेल आणि प्रकाशकांचा मजकूर कमी दिसेल. त्या एका निर्णयाने अनेक संकेतस्थळांचा वाचक ओसरला. दाद कोणाकडे मागणार? करार नव्हता, भाडेपावती नव्हती.

या परावलंबनाचे टोक कॅनडाने पाहिले. बातम्यांच्या दुव्यांबद्दल मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांस मोबदला द्यावा, असा कायदा तेथील संसदेने जून २०२३ मध्ये केला. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या मालक कंपनीने, मेटाने, मोबदला देण्याऐवजी ऑगस्टपासून कॅनडातील वाचकांस बातम्या दाखविणेच बंद केले. त्याच महिन्यात वायव्य प्रदेशात भयंकर वणवे भडकले आणि यलोनाइफ या राजधानीच्या शहरातील सुमारे २०,००० लोकांस घरे सोडून जावे लागले. रस्ता कोणता खुला आहे, आग कोठवर आली आहे, हे सांगणाऱ्या स्थानिक बातमीचा दुवा फेसबुकवर एकमेकांस देता येईना. लोक बातमीचे छायाचित्र काढून ते धाडू लागले. कायदा योग्य होता की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. परंतु संकटकाळी शहरास बातमी कशी मिळावी हे शहराबाहेरील एक खाजगी कंपनी ठरवू शकते, एवढे त्या ऑगस्टमध्ये सिद्ध झाले.

मोडलेली जोडणी

आता त्या फाटलेल्या पिशवीकडे वळू. दैनिकाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चाहून कमी असते, हे आपण सारे जाणतो. वर्षअखेरीस रद्दी विकली की वर्गणीचा काही भाग परत मिळतो, हा हिशेब मराठी घरांत गृहिणी चोख ठेवीत आल्या आहेत. उरलेला भार जाहिरातदार उचलीत असे. जाहिरातदारास जिल्हा परिषदेच्या सभेत रस नव्हता. त्यास वाचकाचे डोळे हवे होते. नोकरी, जागा, विवाह यांच्या छोट्या जाहिराती, साड्यांच्या दुकानाची अर्धपान जाहिरात आणि जिल्हा परिषदेचे वृत्त हे एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदत होते आणि पहिल्या दोहोंच्या पैशावर तिसऱ्याचा निर्वाह होत होता. ही जोडणी कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. कागद एकच होता म्हणून ती झाली होती. महाजालावर कागद नाही, त्यामुळे जोडणीही राहिली नाही.

अमेरिकेत क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्रेग्जलिस्ट’ने छोट्या जाहिराती बहुतांशी फुकट करून टाकल्या. मोठ्या जाहिराती पुढे गुगल आणि फेसबुक यांच्याकडे गेल्या, कारण कोणत्या वाचकास काय हवे हे त्यांना वृत्तपत्राहून अधिक नेमके ठाऊक होते. प्यू या संशोधनसंस्थेच्या अंदाजानुसार २००५ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न सुमारे ४,९०० कोटी डॉलर होते. २०२० मध्ये ते ९०० कोटींच्या आत आले. वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये सुमारे ७१,००० माणसे काम करीत होती. २०२० मध्ये सुमारे ३१,००० उरली. आपल्याकडे घसरण इतकी तीव्र झाली नाही, हे खरे. साक्षरता वाढत होती, घरपोच अंक स्वस्त होता आणि प्रादेशिक भाषांतील वाचक नवा होता. परंतु २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा आणि २०२० ची टाळेबंदी यांनी तो अवकाशही आकसला आहे.

माणसे कमी झाली म्हणजे नेमके काय होते, हे कॅलिफोर्नियातील बेल या लहानशा शहराने दाखविले. सदतीस हजारांच्या आसपास वस्तीचे, कष्टकऱ्यांचे हे गाव लॉस एंजेलिसला लागून आहे. त्याच्या कारभारावर नियमित लक्ष ठेवणारे वृत्तपत्र उरले नव्हते. जुलै २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या वार्ताहरांनी उघडकीस आणले की, या गरीब शहराचा प्रशासक रॉबर्ट रिझो हा वर्षास जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेत आहे आणि नगरसेवक अर्धवेळ कामासाठी लाखाच्या घरात वेतन उचलीत आहेत. हे एका रात्रीत घडलेले नव्हते. वर्षानुवर्षे चालले होते. २०१४ मध्ये रिझोस बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या काळात बेलमध्ये महाजाल नव्हते काय? होते. फेसबुक होते, ब्लॉग काढण्याची मुभा होती, प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी होता. नव्हता तो सभेस नेमाने जाऊन बसणारा आणि त्या बसण्याचे वेतन मिळणारा माणूस.

अर्थशास्त्रात अशा वस्तूस सार्वजनिक वस्तू म्हणतात. सभेस कोणी वार्ताहर बसला आहे, एवढ्या भीतीने जो गैरव्यवहार होत नाही, त्याचा लाभ वर्तमानपत्र न घेणाऱ्यासही मिळतो. म्हणूनच त्याची किंमत देण्याची निकड कोणास वाटत नाही. दीपस्तंभाचा प्रकाश सर्व जहाजांस मिळतो आणि तेलाचा खर्च कोणी करावयाचा, यावर मात्र वाद होतो, तसाच हा प्रकार आहे.

खोटे नाणे

खर्चाची दुसरी बाजू खोट्या बातमीची. ग्रेशॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की, चांगले व हिणकस नाणे एकाच दर्शनी किमतीस चालू लागले, तर हिणकस नाणे चलनात राहते आणि चांगले दडवून ठेवले जाते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येक संदेशाची दर्शनी किंमत सारखीच असते. चार दिवस खपून पडताळलेली बातमी आणि चार मिनिटांत रचलेली थाप एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच मामांकडून, एकाच ‘सुप्रभात’च्या खाली येते. थाप मात्र बनविण्यास स्वस्त आणि अधिक चटकदार असते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वृत्तांचा अभ्यास करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खऱ्या वृत्तापेक्षा खोटे वृत्त पुढे धाडले जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक, असे त्यांस आढळले. आणि हे यंत्रांचे काम नसून मुख्यत्वे माणसांचेच होते.

महाराष्ट्रास यासाठी परदेशी अभ्यासाची आवश्यकता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारादिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी म्हणून हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस जमावाने ठेचून मारले. त्या अफवा आठवडे आठवडे भ्रमणध्वनीवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर पाचाची मर्यादा आली. माझ्या आत्याबाईंचे फक्त व्याज गेले. माझा संदेश आणि तो संदेश यांत प्रकाराचा काही भेद होता, असे मी स्वतःस सांगू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, जुनी वृत्तपत्रे तरी कोठे धुतल्या तांदळासारखी होती? आक्षेप रास्त आहे. २००९ च्या निवडणुकांत, आणि त्यात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूकही आली, पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापण्याचे प्रकार इतके बोकाळले की प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करून २०१० मध्ये अहवाल द्यावा लागला. त्या प्रकाराकडे नीट पाहिले तर तोही याच रोगाचे लक्षण दिसतो. वाचक बातमीची किंमत देत नाही तेव्हा बातमी संपत नाही. तिची किंमत देणारा दुसरा कोणी पुढे येतो. २००९ मध्ये तो उमेदवार होता. आज तो वाचकाच्या आवडीनिवडींची नोंद विकणारी कंपनी असेल, एखाद्या पक्षाची प्रचारशाखा असेल किंवा बांधकाम व्यावसायिक असेल.

उपाय कोणता?

शासनाने खऱ्याखोट्याचा निवाडा करावा, हा उपाय प्रथम सुचतो आणि तो प्रथम टाकून द्यावा असा आहे. २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर साधी नापसंती व्यक्त करणाऱ्या तरुणीस आणि ती पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ज्या ६६-अ कलमाचा असा वापर होत होता, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारी कक्षानेच ठरवावे अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. वादीनेच न्यायाधीश व्हावे, ही कल्पना न्यायालयास मान्य झाली नाही, हे योग्यच झाले.

दुसरा उपाय कंपन्यांकडून मोबदला घेण्याचा. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये तसा कायदा केला आणि मोठ्या वृत्तसंस्थांस त्यातून पैसा मिळाला. कॅनडातही गुगलने वर्षास १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. हा पैसा नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी कंपनी आज देते ती उद्या थांबवू शकते आणि तोवर तिच्याविरुद्ध लिहिणे अवघड होऊन बसते. शिवाय हा पैसा मुख्यालयात येतो. तो तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत झिरपेल, याची हमी कोण देणार?

तिसरा उपाय जुना आहे आणि मला तो सर्वांत टिकाऊ वाटतो. वाचकाने किंमत द्यावी. अमेरिकेतील वृत्तपत्रांस २०२० मध्ये जाहिरातदारांहून अधिक पैसा वाचकांकडून मिळाला. पूर्वी कधीही असे घडल्याची नोंद नव्हती. यावर एक गंभीर हरकत आहे. किंमत देणाऱ्यासच बातमी मिळाली, तर सुशिक्षितांस खरी बातमी आणि उरलेल्यांस फुकटची अफवा अशी वाटणी होईल. आणि राईनपाड्यासारख्या गावास खरी बातमी अधिक हवी आहे. ब्रिटनमधील ‘गार्डियन’ने यावर काढलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. त्याने आपले संकेतस्थळ सर्वांस खुले ठेवले आणि ज्यांस शक्य आहे त्यांनी स्वेच्छेने हातभार लावावा, असे आवाहन केले. २०१८ पर्यंतच्या तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक वाचकांनी तो लावला आणि अनेक वर्षांच्या तोट्यानंतर २०१८-१९ मध्ये जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली. काहींनी द्यावे आणि सर्वांनी वाचावे, ही रीत महाराष्ट्रास परकी नाही. आपली सार्वजनिक वाचनालये, शिक्षणसंस्था आणि नियतकालिके याच वर्गणीच्या बळावर उभी राहिली.

ज्या तालुक्यात एखादी पतसंस्था आहे, महाविद्यालय आहे, बाजार समिती आहे आणि चार-पाचशे नोकरदार कुटुंबे आहेत, त्या तालुक्यास एका वार्ताहराचे वेतन जड नाही. पाचशे घरांनी महिन्यास ५० रुपये दिले तर २५,००० रुपये होतात. त्यातून एक माणूस नगरपालिकेच्या सभेस बसू शकेल, बँकेचा फलक पुरता वाचू शकेल आणि ते सारे, ब्लॉगवर म्हणा की व्हॉट्सॲपवर म्हणा, फुकट पोचवू शकेल. पोचविण्याचा खर्च तंत्राने मिटविलाच आहे. वर्गणीदार पुष्कळ आणि लहान असले, तर त्यांतील एकट्यादुकट्याचा दाबही त्याच्यावर येणार नाही. ही योजना मी आमच्या गावात चार जणांपुढे मांडली. तिघांनी ती उत्तम असल्याचे सांगितले आणि चौथ्याने पैसे कधी द्यावयाचे ते विचारले. माझ्या हिशेबी हे प्रमाण निराशाजनक नाही.

दर वर्षी जूनमध्ये नवा वर्ग भरला की मी मुलांस विचारतो, आज बातमी कोठून कळली? आता उत्तर एकच येते आणि मुले भ्रमणध्वनी वर धरून दाखवितात. या वर्षी मी पुढचा प्रश्न विचारला. तेथे ती कोणी आणली? वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, कोणीतरी गेलं असेल ना तिथं?’’ तिचे म्हणणे बरोबर होते. कोणीतरी जावेच लागते, आणि त्याच्या जाण्याचा खर्च आजवर तिच्या माझ्यासारख्या वाचकाने फारसा केलेला नाही.